जुन्या बोर्डाचा बायोस : कधी बदलायचा, कधी हातच लावायचा नाही



मागच्या वेळी आपण शाळेतल्या जुन्या संगणकांची रॅम आणि हार्डडिस्क यांवर बोललो होतो. व्याख्यान संपल्यावर बीड जिल्ह्यातल्या दोन-तीन शिक्षकांनी जवळपास एकच प्रश्न विचारला, “सर, या मशिनांचा बायोस अपडेट करून घ्यावा का?” आम्ही घाईत “गरज असेल तर करा” असं सांगून मोकळे झालो. परतताना आमचं आम्हालाच ते उत्तर पटेना. गरज आहे की नाही हे ओळखायचं कसं, हेच तर त्यांनी विचारलं होतं. म्हणून आजचा सगळा वेळ त्याला.

सुरुवात एका शाळेपासून करू. पाटोदा तालुक्यातली शाळा आहे, नाव सांगत नाही. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातलं गाव. दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला जातं, मुलं आजी-आजोबांकडे राहतात. घरातला एकुलता एक मोबाइल आईवडिलांबरोबर फडावर जातो. या मुलांना कीबोर्ड दिसतो तो फक्त शाळेच्या लॅबमध्ये. लॅबमध्ये दहा संगणक, २०११ सालचे, बोर्ड एच६१ चिपसेटचे. केंद्राची ‘आयसीटी ॲट स्कूल’ योजना २००४ च्या डिसेंबरात सुरू झाली, २०१० मध्ये तिच्यात बदल झाले, आणि त्या सुमारास महाराष्ट्रातल्या बऱ्याच शाळांत अशा लॅब उभ्या राहिल्या. कंत्राटं साधारण पाच वर्षांची. ती संपली की लॅब शाळेच्या ताब्यात, आणि देखभालही शाळेच्याच गळ्यात.

या शाळेला शहरातल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी वापरलेले प्रोसेसर दिले. मशिनांत होता पेंटियम जी६२०, मिळाले ते आय५-३४७०. दोन्हींचं सॉकेट एकच, एलजीए ११५५. म्हणजे फुकटात मशिनांचा वेग चांगलाच वाढणार होता. पहिल्या मशिनात नवा प्रोसेसर बसवला, बटण दाबलं. पंखा फिरला, लाल दिवा लागला, पडदा काळाच. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने खोडरबराने रॅमचे पाय घासले, दुसरी रॅम लावली, एसएमपीएस बदलून पाहिला आणि म्हणाला, “बोर्ड गेला.” दुसऱ्या मशिनाचं तेच झालं. तिसऱ्याचंही. मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला आणि तिन्ही संगणक डेडस्टॉक रजिस्टरातून कमी करण्यासाठी निर्लेखनाचा कागद तयार करायला घेतला.

आम्ही गेलो तेव्हा एवढंच केलं, जुना पेंटियम परत बसवला. तिन्ही मशिनं चालू झाली. एकही बोर्ड गेलेला नव्हता.

मग नेमकं झालं काय होतं?

एच६१ चिपसेट बाजारात आला २०११ च्या सुरुवातीला, इंटेलच्या दुसऱ्या पिढीच्या प्रोसेसरांबरोबर. तिसरी पिढी आली २०१२ मध्ये. खाच तीच, पाय तेवढेच, पण २०११ साली कारखान्यातून निघालेल्या बोर्डाला २०१२ चा प्रोसेसर माहीत असणार कसा? ही ओळख ज्यात लिहिलेली असते तो बायोस. त्यात ओळख नाही, तर प्रोसेसर कितीही चांगला असला तरी गाडी पुढे सरकत नाही.

गावातल्या नळयोजनेचं उदाहरण घ्या. टाकी भरलेली आहे, मोटार चांगली आहे, पाइप फुटलेला नाही. पण कोणत्या गल्लीचा व्हॉल्व कुठे आहे हे ठाऊक असलेला माणूस एकच, पाणी सोडणारा. गावाबाहेर नवी वस्ती झाली, तिला पाइप जोडला, पण याला तो व्हॉल्व कुणी दाखवलाच नाही, तर त्या वस्तीला पाणी जाणार नाही. तिथे टाकी पाडून काही उपयोग नाही, माणसाला व्हॉल्व दाखवावा लागतो. बायोस अपडेट म्हणजे बहुतेक वेळा एवढंच असतं.

आता थोडं आत शिरू. बटण दाबल्यावर प्रोसेसरला काहीच माहीत नसतं. त्याला फक्त एक ठरलेला पत्ता ठाऊक असतो आणि त्या पत्त्यावरून तो पहिली सूचना उचलतो. ती सूचना असते बोर्डावरच्या एका छोट्या चिपमध्ये. त्या क्षणी रॅमसुद्धा चालू झालेली नसते. रॅम किती आहे, कोणत्या वेगाची आहे, तिच्याशी कसं बोलायचं, हे ठरवण्याचं कामच या चिपमधल्या प्रोग्रामचं. तोवर तो प्रोसेसरच्या पोटातली कॅश मेमरी रॅमसारखी वापरून दिवस काढतो. मग रॅम, मग पडदा, मग कीबोर्ड, मग डिस्क, आणि शेवटी विंडोज किंवा लिनक्सच्या हातात कारभार देऊन तो बाजूला होतो. म्हणून विंडोज बिघडलं तर पडद्यावर निदान काहीतरी दिसतं. बायोस बिघडला तर काहीच दिसत नाही, आणि लोक म्हणतात बोर्ड गेला.

बायोस हा शब्द गॅरी किल्डॉल यांचा. सत्तरच्या दशकात त्यांनी सीपी/एम ही प्रणाली लिहिली, तिच्यातल्या यंत्राशी थेट बोलणाऱ्या भागाला त्यांनी हे नाव दिलं. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये हा प्रोग्राम रॉममध्ये, म्हणजे न बदलणाऱ्या चिपमध्ये होता. अंबाजोगाईला खोलेश्वराचा यादवकालीन शिलालेख आहे ना, तसं. एकदा कोरलं ते कोरलं. पुढे काचेची खिडकी असलेल्या चिपा आल्या. त्यांच्यावर अतिनील प्रकाश टाकला की आतलं पुसलं जायचं, पण त्यासाठी चिप काढून वेगळ्या यंत्रात ठेवावी लागे. नव्वदच्या दशकात फ्लॅश चिप रुळली आणि शिलालेखाची पाटी झाली. बसल्या जागी पुसा, बसल्या जागी लिहा.

पाटी झाली म्हणजे ती दुसऱ्यालाही पुसता येते, हेही आलंच. २६ एप्रिल १९९९ ला सीआयएच नावाच्या व्हायरसने नेमकं तेच केलं. हार्डडिस्कची माहिती तर उडवलीच, पण काही बोर्डांवर बायोसची चिपही खरडून टाकली. विंडोज ९५ आणि ९८ चे दिवस ते. साध्या प्रोग्रामने यंत्र उठणारच नाही अशी अवस्था करता येते, हे अनेकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

या पाटीची एक खोड आहे आणि आजच्या विषयाचा सगळा धोका त्या खोडीत आहे. फ्लॅश चिपमध्ये एखादं अक्षर तेवढं पुसता येत नाही. पुसायचं तर सबंध पट्टा पुसावा लागतो, आणि मग त्यावर नवं लिहायचं. अपडेट चालू असतो तेव्हा काही पट्टे नवे, काही पुसलेले, काही जुने अशी स्थिती असते. नेमकी त्याच वेळी लाइट गेली तर? चिपला काही इजा होत नाही, पण तिच्यात जे उरतं त्याला ना जुना प्रोग्राम म्हणता येतं ना नवा. पुढच्या वेळी बटण दाबलं की प्रोसेसर ठरलेल्या पत्त्यावर जातो आणि तिथे त्याला कचरा मिळतो.

वारंवार लिहून चिप झिजेल का, असंही कुणी कुणी विचारतं. ती भीती नको. या चिपा लाखभर वेळा पुसून-लिहिण्यासाठी बनवलेल्या असतात. तुम्ही दोनदा लिहिणार.

आता मूळ प्रश्न, कधी करायचा. आमचं मत स्पष्ट आहे. जुन्या बोर्डाचा बायोस, ठोस कारण नसेल तर, बदलू नये. “नवी आवृत्ती आली आहे” हे कारण नाही. “मशीन स्लो आहे” हेही कारण नाही. बायोस बदलून शाळेतलं मशीन जोरात पळायला लागलं असं आम्ही एकदाही पाहिलेलं नाही. त्यासाठी एसएसडी आणि रॅम, ते मागच्या वेळी बोललो. ठोस कारण म्हणजे आत्ता सांगितलं तसं, त्याच सॉकेटचा नवा प्रोसेसर बोर्ड ओळखत नाही. किंवा विशिष्ट रॅम घेतली की मशीन अडतं आणि कंपनीच्या यादीत “रॅमची सुसंगती सुधारली” असं लिहिलेलं आहे. किंवा एखादी एसएसडी दिसतच नाही. यादी इथेच जवळपास संपते.

सुरक्षेचं काय, असं विचाराल. २०१८ च्या जानेवारीत प्रोसेसरांमधल्या मेल्टडाउन आणि स्पेक्टर या दोषांची बातमी आली तेव्हा सगळ्यांनी बायोस अपडेट करा असा गजर सुरू झाला. पण त्याच महिन्यात इंटेलने दिलेल्या दुरुस्तीमुळे काही मशिनं आपोआप रीस्टार्ट होऊ लागली आणि २२ जानेवारीला इंटेललाच सांगावं लागलं की ती आवृत्ती वाटणं थांबवा. ज्यांनी घाई केली नाही त्यांचं काही बिघडलं नाही. शिवाय कोअर टू ड्युओच्या काळातल्या बऱ्याच प्रोसेसरांसाठी ही दुरुस्ती देणार नाही, हेही इंटेलने त्याच वर्षी जाहीर केलं. आणि मुख्य म्हणजे प्रोसेसरसाठीची ही छोटी दुरुस्ती, मायक्रोकोड म्हणतात तिला, लिनक्स स्वतः चालू होताना दर वेळी प्रोसेसरमध्ये भरू शकतं. विंडोजही काही प्रमाणात तसं करतं. चिपला हात न लावता काम होत असेल तर चिपला हात कशाला लावायचा?

ठरलंच करायचं, तर पहिलं काम बोर्ड ओळखण्याचं. इथे घाई करणारे फसतात. कॅबिनेटवर लिहिलेलं नाव बोर्डाचं नसतं. विंडोजमध्ये शोधायच्या चौकटीत ‘एमएसइन्फो३२’ टाइप केलं की बोर्डाची कंपनी, मॉडेल आणि बायोसची आवृत्ती-तारीख दिसते. लिनक्समध्ये ‘डीएमआयडीकोड’ ही आज्ञा तेच सांगते. पण एवढ्यावर थांबू नका. कॅबिनेट उघडा, टॉर्च घ्या, बोर्डावर छापलेलं मॉडेल वाचा आणि त्याचा फोटो काढा. मॉडेलच्या जवळ किंवा बोर्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘रेव्ह’ आणि पुढे आकडा असतो. मॉडेल एकच, पण रेव्ह १ आणि रेव्ह २ यांच्या फायली वेगळ्या असू शकतात. आडनाव एकच म्हणून शेजारच्याच्या सातबाऱ्यावर सही केली तर काय होईल? तसंच हे.

दुसरं, फाइल आणायची कुठून. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून, दुसरीकडून नाही. शोधलं की आधी वर येतात त्या ‘ड्रायव्हर फ्री’वाल्या साइटी, तिकडे फिरकू नका. आता अडचण अशी की जुन्या बोर्डांच्या बाबतीत मूळ साइटवरूनच फायली गायब होतात. इंटेल स्वतःचे डेस्कटॉप बोर्ड बनवत असे, २०१३ मध्ये त्यातून बाहेर पडण्याचं जाहीर केलं, आणि २०१९ च्या नोव्हेंबरात जुन्या बोर्डांच्या बायोस फायली साइटवरून काढायला सुरुवात केली. म्हणून आम्ही सांगतो की आज मिळते आहे ती फाइल आजच उतरवून ठेवा, अपडेट करायचा नसला तरी. लॅबच्या नावाचा एक पेनड्राइव्ह करा, त्यात बोर्डाचे फोटो आणि फाइल ठेवा. मुख्याध्यापक बदलले, शिक्षकांची बदली झाली तरी कपाटात ती राहील.

आणखी एक प्रकार आपल्याकडे भरपूर आहे. एच६१ चे बोर्ड आजही बाजारात ‘नवे’ मिळतात, वेगवेगळ्या नावांनी. बोर्ड जळाला की दुकानदार हाच बसवून देतो. त्यातल्या बऱ्याच बोर्डांना धड साइटच नसते. त्यांच्यासाठी अपडेट शोधत बसू नका. मिळणार नाही, आणि मिळाला तर तो दुसऱ्याच कुठल्या तरी बोर्डाचा असेल.

फाइल मिळाली की तिच्यासोबतची टीप वाचा. इंग्रजीत असते, कंटाळवाणी असते, तरी वाचा. आमच्या एच६१ च्या बाबतीत टीपेत महत्त्वाची गोष्ट होती. या बोर्डांच्या त्याच चिपमध्ये मॅनेजमेंट इंजिन नावाचं आणखी एक फर्मवेअर राहतं, आणि तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरला त्याचीही नवी आवृत्ती लागते. काही कंपन्यांनी दोन्ही एकत्र दिलं, काहींनी दोन टप्प्यांत. शिवाय पुढे गेल्यावर मागच्या आवृत्तीवर परत येता येईलच असं नाही. आणि हे सगळं करायचं जुनाच प्रोसेसर बसवलेला असताना. नवा बसवलात तर मशीन चालूच होत नाही, मग अपडेट करणार कशाने? आमच्या शाळेतले जुने पेंटियम भंगारवाल्याला गेले असते तर आम्हालाही तिथे बसून काही करता आलं नसतं.

तिसरं, हाताशी मोबाइल असतोच, तर बायोसच्या सेटिंगच्या प्रत्येक पानाचा फोटो घ्या. अपडेटनंतर सगळी सेटिंग कारखान्यातल्यासारखी होतात. त्यात एक सेटिंग फार त्रास देतं. हार्डडिस्क कशी जोडायची, आयडीई की एएचसीआय, हे आधी एक होतं आणि अपडेटनंतर दुसरं झालं, तर विंडोज अर्ध्यावर येऊन निळा पडदा दाखवतं. माणूस घाबरतो. अपडेट फसला म्हणतो, विंडोज पुन्हा टाकतो, मुलांच्या फायली जातात. खरं तर बायोसमध्ये जाऊन ते सेटिंग पूर्वीसारखं केलं की झालं. फोटो असेल तर दोन मिनिटांचं काम.

आणि चौथं, लाइट. इथे आम्हाला आमचीच चूक सांगितली पाहिजे.

त्या शाळेत पहिल्या दोन बोर्डांचे अपडेट सुरळीत झाले. फॅट३२ केलेला पेनड्राइव्ह लावला, बायोसमध्येच असलेल्या अपडेटच्या सोयीतून फाइल निवडली, चार-पाच मिनिटांत काम झालं, आय५ बसवला, पडदा आला. पोरं खिडकीतून बघत होती, त्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही जरा फुशारलो. तिसऱ्याला पेनड्राइव्ह लावला, पट्टी निम्म्यापर्यंत गेली आणि लाइट गेली. मशीन यूपीएसवर होतं. यूपीएसचा हिरवा दिवा लागलेला आम्ही स्वतः पाहिला होता. पण आतली बॅटरी कधीच मेलेली होती. एक ‘टक’ असा आवाज आला आणि सगळं गप्प. तासाभराने लाइट आली तेव्हा पंखा फिरला, पडदा काळा. या वेळी मात्र तो खरंच बायोस उडालेला बोर्ड होता, आणि तो उडवला होता आम्ही. सकाळी आम्हीच मुख्याध्यापकांना सांगितलं होतं की तुमचे बोर्ड चांगले आहेत म्हणून.

तेव्हापासून यूपीएसवर विश्वास ठेवायचा नाही, तो तपासायचा. अपडेटच्या आधी मशीन चालू असताना भिंतीतला प्लग सरळ काढायचा. दहा मिनिटं मशीन तग धरतं का बघायचं. धरलं तर पुढे जायचं. नाही तर दुसऱ्या दिवशी दुसरा यूपीएस घेऊन यायचं. वेळही बघून घ्यायची. गावात लाइट कधी जाते-येते हे शिपाईमामांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं, त्यांना विचारायचं. आभाळ आलं असेल तर करायचं नाही. आणि अपडेट चालू असताना लॅबमध्ये पोरं नकोत. टाळ्या नंतर.

उडालेला बायोस परत येतो का? बऱ्याचदा येतो. काही बोर्डांवर बायोसच्या दोन चिपा असतात, एक उडाली तर दुसरी सांभाळून घेते. गिगाबाइटने ‘ड्युअल बायोस’ नावाने हे बरंच वापरलं. काही जुन्या बोर्डांत चिपचा एक छोटा भाग अपडेटमध्ये पुसलाच जात नाही, बूट ब्लॉक म्हणतात त्याला. बाकीचं उडालं तरी तो जागा राहतो आणि ठरावीक नावाची फाइल फ्लॉपीवर किंवा पेनड्राइव्हवर शोधतो. आमच्याकडे एक फ्लॉपी ड्राइव्ह अजून जपून ठेवलेला आहे तो त्याचसाठी, घरचे हसतात तो भाग वेगळा.

हे दोन्ही नसेल तर प्रोग्रामर. सीएच३४१ए नावाचं काळ्या रंगाचं छोटं यंत्र ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतं, सोबत आठ पायांच्या चिपला चिमटा लावण्याची क्लिप. यंत्राची यूएसबी लॅपटॉपला, क्लिप चिपला, आणि फ्लॅशरॉम नावाचं मुक्त सॉफ्टवेअर. पण जपून. बायोसच्या या चिपा ३.३ व्होल्टच्या असतात, आणि या काळ्या यंत्राच्या बऱ्याच प्रतींत चिपला वीज ३.३ व्होल्टची मिळत असली तरी माहितीच्या तारांवर ५ व्होल्ट येतात. अनेकांची चिप तरीही निभावते, काहींची जाते. व्होल्टेज दुरुस्त केलेली प्रत घ्या, किंवा मल्टिमीटरने मोजल्याशिवाय लावू नका. बोर्डाचा प्लग काढलेला हवा, सेलही काढलेला हवा. क्लिपची लाल तार चिपवरच्या ठिपक्याकडे. काही बोर्डांवर चिप सॉकेटमध्ये असते, ती अलगद उचकटून वेगळी वाचता येते. तेव्हा तर काम फारच सोपं.

आधी वाचायचं, लिहायचं नंतर. चिपमध्ये असेल ते, कचरा असला तरी, दोनदा वाचून दोन फायली करायच्या आणि त्या तंतोतंत सारख्या आहेत का तपासायचं. सारख्या नसतील तर क्लिप नीट बसलेली नाही. मग लिहायचं, आणि लिहिल्यावर पुन्हा वाचून पडताळायचं.

आम्ही तिसऱ्या बोर्डाला काय केलं, तर शेजारच्या त्याच मॉडेलच्या, त्याच रेव्हच्या, अपडेट झालेल्या बोर्डाची चिप वाचली आणि ती प्रत यात लिहिली. कंपनीच्या फाइलमध्ये सबंध चिपचा मजकूर असेलच असं नसतं, म्हणून हा मार्ग. बोर्ड उठला. आम्ही चहा घेतला. संध्याकाळी सरांचा फोन, “सर, तीन नंबर चालू केला की दोन नंबरचं इंटरनेट जातंय, अन् दोन नंबर बंद केला की तीनचं येतंय.” डोकं खाजवलं तेव्हा लक्षात आलं. काही बोर्डांवर नेटवर्क कार्डाचा पत्ता, मॅक ॲड्रेस, बायोसच्याच चिपमध्ये असतो. आम्ही शेजाऱ्याची सगळी प्रत लिहिली, तेव्हा त्याचा पत्ताही आला. एका गावात एकाच नावाची दोन घरं, पोस्टमन काय करणार? बोर्डावर चिकटवलेल्या पट्टीवर मूळ पत्ता छापलेला होता, तो परत घातला आणि भांडण मिटलं. ब्रँडेड मशिनांत अनुक्रमांक आणि विंडोजच्या परवान्याची खूणही अशीच चिपमध्ये असते. म्हणून मशीन चांगलं असतानाच त्याच्या स्वतःच्या चिपची एक प्रत काढून ठेवलेली सगळ्यात उत्तम. आमच्याकडे ती असती तर फोन आला नसता.

आता प्रश्न घेऊ.

गेवराईहून विचारलंय, बायोस अपडेट केला तर या मशिनांवर विंडोज ११ चालेल का? नाही. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून हा प्रश्न सगळीकडून येतोय. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचे आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या बोर्डाला कोणताही बायोस तिथे नेऊ शकत नाही. आडमार्गाने ते बसवून देणारे आहेत, पण पुढचे अपडेट मिळतील याची हमी नाही. लॅबसाठी आम्ही लिनक्स सुचवतो. मराठी टायपिंग त्यात होतं, लिबरऑफिस होतं, आणि चार जीबी रॅममध्ये भागतं. बायोसला हातही लावावा लागत नाही.

अंबाजोगाईहून एका ताईंचा प्रश्न आहे, विंडोजमधूनच एक बटण दाबून बायोस अपडेट होतो, ते चालेल का? कंपनीचं स्वतःचं तसं सॉफ्टवेअर असतं, काम करतं. तरी आम्ही टाळतो. अपडेट चालू असताना विंडोज मध्येच अडकलं, अँटिव्हायरसने नाक खुपसलं, तर तोच प्रसंग. बायोसच्या आतून, पेनड्राइव्हवरून केलेलं बरं.

परळीचा प्रश्न. मशीन चालू करताना दर वेळी ‘एफ१ दाबा’ म्हणतं, तारीख २००९ ची दाखवतं, आणि कुठलीही साइट उघडली की सुरक्षेचा इशारा येतो. बायोस अपडेट करू का? मुळीच नको. बोर्डावरचा गोल सेल संपलाय, सीआर२०३२, तीन व्होल्टचा. घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तारीख मागे गेली की साइटची प्रमाणपत्रं अजून सुरूच झालेली नाहीत असं ब्राउझरला वाटतं, म्हणून इशारा. सेल बदला, तारीख लावा, डिस्कचं ते आयडीई-एएचसीआय सेटिंग पूर्वीसारखं आहे ना बघा.

शेवटचा प्रश्न पाटोद्याच्या सरांचाच दिसतोय. विचारतात, आता दहाही मशिनांत आय५ बसलेत, निर्लेखनाचा कागद फाडला, पण काढलेल्या दहा पेंटियमचं काय करायचं, भंगारात द्यायचे का? सर, सगळे देऊ नका. दोन ठेवा. खाली कागदाचा पुठ्ठा घालून पाकिटात बंद करा, वर मॉडेल आणि तारीख लिहा, आणि पाकीट कॅबिनेटच्या आत नको, उष्णतेने चिकटपट्टी सुटते. डेडस्टॉक रजिस्टर ठेवता त्या कपाटात ठेवा. उद्या एखादा बोर्ड बदलावा लागला आणि दुकानातून जुन्या बायोसचा एच६१ आला, तर तो उठवायला हेच पाकीट लागेल.